पिरॅमिडचं पुढचं अंगण

मला इजिप्तमधल्या अबुसीरचं वेड लागलं ते एका तांब्याच्या पाइपमुळे. सोन्याचे मुखवटे, ममी, शाप वगैरे प्रकरण मला कधी फारसं चढलंच नाही. पाइपची गोष्ट अशी की इसवीसनपूर्व २४८० च्या आसपास इजिप्तमधे साहुरे नावाचा राजा होऊन गेला, पाचव्या राजघराण्यातला दुसरा, आणि त्याच्या पिरॅमिडला लागून जे देऊळ होतं त्याच्या फरशीखालून तांब्याचे पाइप टाकलेले होते. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून पातळ करायचा, गोल वळवायचा आणि दगडात खोदलेल्या चरात बसवायचा, असं करत करत साधारण ३८० मीटरची लाइन. देवळात पाच ठिकाणी दगडी कुंडं, कुंडाला आतून तांब्याचं अस्तर, तळाशी भोक, आणि त्या भोकात बसणारं शिशाचं बूच. बूच उपसलं की पाणी पाइपात, आणि पाइप देवळातून बाहेर पडून रस्त्याखालून थेट उतारावर.

आता मी पडले ऑडिटवाली. कुठलाही खर्च दिसला की आधी विचारायचं, हा कशासाठी केला? मेलेल्या राजाच्या थडग्याला ड्रेनेज कशाला लागतं? तांबं तेव्हा काही स्वस्त नव्हतं, सिनाईच्या उजाड डोंगरात माणसं पाठवून आणावं लागायचं, साहुरेने तिथे वादी मघारात आपल्या नावाचं शिल्पसुद्धा कोरून ठेवलं होतं. एवढं महाग तांबं फरशीखाली कुणी हौसेने पुरत नाही. ड्रेनेज आहे म्हणजे तिथे रोज पाणी सांडतंय, आणि रोज पाणी सांडतंय म्हणजे रोज कुणीतरी काहीतरी धुतंय. तिथून मी जी सुरू झाले ती अजून थांबलेली नाही, घरचे वैतागलेत.

गिझाला ग्रुप टूरने गेले होते तेव्हाची गंमत म्हणजे तीन मोठ्या पिरॅमिडांपुढे आमच्या बसमधल्या प्रत्येकाने गाइडला एकच प्रश्न विचारला, हे एवढे मोठे दगड वर चढवले कसे? ठीक आहे, प्रश्न वाईट नाहीये. (एलियनवाल्यांना मात्र मी लांबूनच नमस्कार करते. २०१३ साली लाल समुद्राच्या काठी वादी अल जर्फला पिएर तालेच्या टीमला चक्क खुफूच्या, म्हणजे गिझाचा सगळ्यात मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या राजाच्या, काळातली लॉगबुकं मिळाली, मेरेर नावाचा मुकादम आपल्या माणसांना घेऊन तुरा ह्या गावच्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीने गिझाला कसा नेत होता त्याची दिवसवार नोंद. एलियन होडीने माल नेत असतील तर माझं काही म्हणणं नाही.) पण बांधलं कसं हे विचारून झालं की लोक पुढे निघतात, आणि बांधून झाल्यावर तिथे चालायचं काय हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आमची अख्खी बस खफ्रे राजाच्या खालच्या देवळातून आत शिरली आणि पलीकडून बाहेर पडली, कारण तिथून स्फिंक्सचा फोटो चांगला येतो. गुलाबी ग्रॅनाइटचे सोळा खांब, एकेक दगड एवढाला की मान वर करून बघावं, एकेकाळी तिथे राजाचे तेवीस पुतळे ओळीने बसवलेले होते, आणि आमच्यासाठी ते देऊळ म्हणजे स्फिंक्सकडे जायचं पॅसेज.

पण पिरॅमिड समजून घ्यायचा तर गिझा ही त्यासाठी जागाच नव्हे असं माझं मत आहे. तिथला डोंगर इतका मोठा आहे की बाकी काही दिसत नाही. त्यासाठी थोडं दक्षिणेला, गिझा आणि सक्कारा यांच्या मधे, अबुसीरला जायला हवं. साहुरेचा पिरॅमिड मुळात जेमतेम ४७ मीटर उंच, पायाची बाजू साधारण ७९ मीटर, खुफूच्या पोटात असे पंचवीस सहज बसतील. आणि बांधकाम तर विचारू नका. आत पायऱ्यापायऱ्यांचा गाभा, तो जवळच्याच हलक्या चुनखडीचा, सांध्यांमधे चिखल, मधे भर म्हणून खडी-मुरूम, आणि बाहेरून तेवढा तुऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र चुनखडीचा मुलामा. ते पांढरे दगड नंतरच्या लोकांनी काढून नेले आणि आतलं सगळं बसत गेलं, आज लांबून बघितलं तर मुरमाचा ढीग वाटतो. म्हणून बहुतेक पुस्तकं पाचव्या घराण्यावर येईपर्यंत ‘ऱ्हास’ वगैरे शब्द वापरायला लागतात. मला हे पटत नाही. ऱ्हास झाला असता तर पैसा संपलेला दिसला असता, इथे पैसा फक्त दुसरीकडे गेलाय. पिरॅमिडवर काटकसर केली आणि पुढच्या देवळावर हात सैल सोडला.

त्या आवाराचा नकाशा पूर्वेकडून वाचायचा, कारण माणसंही तिकडूनच यायची आणि मालही. नाईलच्या पुराचं पाणी जिथपर्यंत चढायचं त्या कडेला खालचं देऊळ, त्याला दोन धक्के, पूर्वेला आठ खांबांची पडवी आणि दक्षिणेला चार खांबांची, होडी थेट उताराला लागणार. तिथून वरच्या पठारावर जायला २३५ मीटरचा रस्ता, ज्याला कॉजवे म्हणतात, आणि हा उघडा रस्ता नव्हे, दोन्ही बाजूंना भिंती, वर छप्पर, छपराच्या मधोमध एक लांबच लांब फट ठेवलेली, तेवढ्यातून उजेड आत. भिंती खालपासून वरपर्यंत कोरलेल्या. खुफूचा असा रस्ता बघून (किंवा त्याबद्दल ऐकून) ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की तो बांधायलाच दहा वर्षं लागली आणि ते काम त्याला पिरॅमिडपेक्षा फार कमी वाटलं नाही. दहा वर्षांचं खरंखोटं बाजूला ठेवा, पण रस्त्याकडे बघायची अक्कल त्याला होती.

रस्ता संपला की वरचं देऊळ. आधी एक लांबट दालन, मग उघडा चौक. चौकाला काळ्या बेसाल्टची फरशी, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड समजा, इथे तो फयूमच्या उत्तरेकडून आणलेला. भोवती ओसरी, तिला ग्रॅनाइटचे सोळा खांब, प्रत्येक खांब खजुराच्या झाडासारखा, वर झावळ्या बांधल्यासारखं डोकं. ग्रॅनाइट अस्वानचा, म्हणजे नाईलच्या प्रवाहाबरोबर कितीतरी शे किलोमीटर खाली आणलेला. ओसरीच्या छतावर चांदण्या. काळी जमीन, लालसर झाडं, वर आकाश. बघा, रंगाची निवड सुद्धा उगाच नाहीये, नाईलच्या गाळाची जमीन काळीच असते. आणि छपरावर पडलेलं पावसाचं पाणी बाहेर टाकायला भिंतींवर सिंहाच्या तोंडाच्या पन्हळी. इजिप्तमधे पाऊस पडतो कितीसा, पण ज्याने कुणी हे आखलं त्याने पावसाचं पाणी वेगळं आणि आतलं सांडपाणी वेगळं असा हिशेब ठेवला होता.

चौकाच्या पुढे सगळ्यांना प्रवेश नाही. एक आडवा बोळ, थोड्या पायऱ्या, मग पाच कोनाड्यांची खोली, प्रत्येक कोनाड्यात राजाचा पुतळा, प्रत्येकाला स्वतंत्र दारं. आणि सगळ्यात शेवटी, पिरॅमिडच्या अंगाला अगदी चिकटून, नैवेद्याची खोली. तिच्या पश्चिमेच्या भिंतीत एक खोटा दरवाजा. दगडाचा, न उघडणारा. त्याच्या पलीकडे पिरॅमिड. राजा पश्चिमेकडून, म्हणजे मेलेल्यांच्या बाजूने त्या दारातून येणार, समोर मांडलेलं जेवणार आणि परत जाणार, रोज. पुढ्यात चौरंगासारखा दगड, जवळ ते तांब्याचं अस्तर लावलेलं कुंड. म्हणजे आता कळलं पाणी कुठून येतं ते! पुतळ्यांना धुणं, पुसणं, नेसवणं, धूप दाखवणं, भांडी विसळणं, आणि शेवटी बूच उपसणं.

आणि ह्या सगळ्याच्या दोन्ही बाजूंना कोठ्या. दोन डझनांहून जास्त, अरुंद, लांबट, दोन मजली, प्रत्येकीला वर जायला आपला जिना. एका बाजूच्या कोठ्यांत पूजेची उपकरणी, दुसऱ्या बाजूला धान्य, तेल, दारू, कापड असला रोजचा माल. नकाशावर रंग भरून बघितलं तर देव-राजासाठीची जागा थोडी आणि साठवणीची जागा भरपूर असं निघतं. पिरॅमिड कुठे आहे ह्यात? आहे की, मागच्या भिंतीला. (दक्षिणपूर्वेच्या कोपऱ्यात एक छोटा पिरॅमिडही आहे, त्याच्यावर विद्वानांचे वाद आहेत, मी त्यात पडत नाही.)

हे सगळं १९०७-०८ मधे खणून काढलं लुडविग बोर्खार्ट ह्या जर्मन माणसाने, शिक्षणाने आर्किटेक्ट, पुढे १९१२ ला नेफर्टिटीचा तो प्रसिद्ध अर्धपुतळा शोधणाराही हाच. आर्किटेक्ट असल्यामुळे त्याने पाइप, बुचं, पन्हळी, बिजागऱ्यांची भोकं असलं सगळं मोजून ठेवलं, एखाद्या नुसत्या भाषापंडिताने कदाचित कोरीव अक्षरं उतरवून घेतली असती आणि पाइपकडे बघितलंही नसतं. देवळातल्या कोरीव भिंती मुळात दहा हजार चौरस मीटरच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे आणि हाताला लागल्या जेमतेम दीडशे चौरस मीटरच्या. बाकीचा दगड चुन्याच्या भट्ट्यांत गेला. चांगली चुनखडी चांगली जळते, बिचारीचा दोष काय.

जे उरलंय त्यातलं बरंचसं बर्लिनला आहे, मुलगी जर्मनीत शिकत होती तेव्हा बघून आले. समुद्रावरून परत येणारी जहाजं, त्यात सीरियाची माणसं हात वर करून राजाला वंदन करतायत, अस्वलं, तेलाचे उंच बुधले. शिकारीत बाण लागलेला तरस स्वतःच्या पायाने तो बाण उपटायला बघतोय, तिथून मला हलवेना. आणि मग ते लिबियाच्या टोळीप्रमुखाचं कुटुंब, राजा टोळीप्रमुखाला मारतोय आणि बायको आणि दोन मुलगे बाजूला उभे राहून आकांत करतायत, त्यांची नावंही कोरलेली आहेत. आता गंमत अशी की साहुरेनंतर दोनेकशे वर्षांनी पेपी दुसरा ह्याच्या देवळात हेच कुटुंब आहे, तीच बायको, तेच मुलगे, त्याच नावांनी. आणि त्यानंतर दीडेक हजार वर्षांनी, पार खाली सुदानमधे कावाला, तहारका राजाच्या देवळात परत तेच! कॉपी-पेस्ट. साहुरेच्या लढाईची बातमी म्हणून जे वाचायचं ते सुद्धा त्याच्या आधीच्या कुणाकडून उचललेलं नसेल असं छातीठोक म्हणता येत नाही. तसंच नंतरच्या उनास राजाच्या कॉजवेवर बरगड्या निघालेली उपाशी माणसं आहेत, वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे की उनासच्या काळात मोठा दुष्काळ पडला, मग १९९० च्या दशकात साहुरेच्याच कॉजवेचे दगड सापडले आणि त्यावर तीच उपाशी माणसं, शंभरेक वर्षं आधीची. झालं, उनासचा दुष्काळ रद्द.

मला वाटतं आपण ह्या भिंतींकडे वर्तमानपत्र म्हणून बघतो तिथेच फसतो. राजा शत्रूला मारतो, राजा शिकार करतो, लांबच्या देशाचा माल येतो, ही त्या इमारतीत असायलाच हवीत अशी चित्रं होती, जसा खांब असायला हवा, दार असायला हवं तसं. पण त्याच्याच शेजारी त्याच कॉजवेच्या दगडांवर पुंत ह्या लांबच्या देशाच्या सफरीवरून सुगंधी डिंकाची झाडं घेऊन आलेली जहाजं आहेत, झाडं लावताना राजा स्वतः हजर आहे, पिरॅमिडचा सोन्याने मढवायचा कळसाचा दगड ओढून आणतायत आणि त्याच्या आनंदात नाचगाणी चाललीयत, आणि ही कुठून कॉपी केलेली वाटत नाहीत. म्हणजे भिंतीवर नेहमीचं आणि नवं दोन्ही, आणि कुठलं कुठलं ते त्यांनी लिहून ठेवलेलं नाही.

इथपर्यंत नुसती इमारत झाली. इमारतीवरून अंदाज बांधता येतो, हिशेब लागत नाही. हिशेब मिळाला तो शेजारच्या अर्धवट राहिलेल्या इमारतीतून, आणि मला अख्ख्या अबुसीरमधे हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

साहुरेच्या नंतर नेफेरिरकारे. ह्याने पिरॅमिड मोठा काढला, जवळजवळ १०५ मीटरचा पाया, पण पुरं व्हायच्या आत गेला. मागच्यांनी देऊळ कसंबसं उरकलं, दगडाऐवजी कच्च्या विटा, ग्रॅनाइटच्या खांबांऐवजी लाकडाचे, कमळांच्या जुडीसारखे. कॉजवेचा आणि खालच्या देवळाचा नुसता पाया पडला होता, तो पुढे न्युसेरे राजाने सरळ आपल्याकडे वळवून घेतला, नकाशावर तो रस्ता नेफेरिरकारेच्या दिशेने निघतो आणि मधेच वाकून न्युसेरेच्या देवळात शिरतो, बघितलं की हसूच येतं. एरवी पिरॅमिडचे पुजारी, कारकून, नोकरचाकर खाली शेताच्या कडेला राहायचे, खालच्या देवळाजवळ. नेफेरिरकारेच्या लोकांना खालचं देऊळच उरलं नाही, म्हणून त्यांनी वरच, देवळाच्या आवारात, मातीची घरं बांधली आणि आपली कागदपत्रं तिथेच ठेवली. खाली ठेवली असती तर पुराच्या ओलीने कधीच सडून गेली असती. वर कोरड्या वाळूत टिकली. १८९३ मधे आसपासच्या लोकांनी चोरून खणताना ती काढली, तुकडे विक्रेत्यांमार्फत कैरो, बर्लिन, पॅरिस, लंडनला पांगले, आणि ते जुळवून, वाचून, अर्थ लावून छापायला पॉल पोझनेर-क्रिजे ह्या बाईंना १९७६ पर्यंत झिजावं लागलं. मग १९८२ ला मिरोस्लाव्ह व्हर्नेरच्या चेक टीमला शेजारीच रानेफेरेफच्या देवळात आणखी एक गठ्ठा मिळाला. रानेफेरेफ तर विशीतच गेला, त्याचा पिरॅमिड पहिल्या टप्प्याच्या वर गेलाच नाही, लोकांनी त्याला चौकोनी टेकाडाचं रूप देऊन विषय संपवला. आणि तरीही पूजा चालू!

कागद म्हणजे काय आहेत, तर लाल-काळ्या शाईत आखलेले तक्ते. उभ्या रेघा, आडव्या रेघा, महिन्याचे दिवस एका बाजूला, माणसांची नावं दुसऱ्या बाजूला, कोण कुठल्या दारावर, कोण नैवेद्य उचलणार, कोण पहारा देणार. सामानाची मोजदाद, कुठलं भांडं कुठल्या दगडाचं, किती, आणि पुढे शेरा की तडा गेलाय, टवका उडालाय, डागडुजी केलेली आहे. यायचा माल किती, आला किती, बाकी किती. मी हे पहिल्यांदा छापील फोटोत बघितलं तेव्हा अक्षर कळत नसूनसुद्धा तक्ता कळला, शपथ. स्टॉक व्हेरिफिकेशनच्या शीटला चार हजार वर्षांत फक्त एक्सेल नावाचं छप्पर मिळालंय.

कामाची वाटणी कशी, तर माणसांच्या पाच तुकड्या, प्रत्येक तुकडीचे दोन भाग, आणि एकेका भागाने एकेक महिना सेवा द्यायची. म्हणजे दहा महिन्यांतून एकदा महिनाभर देवळात आणि बाकीचे दिवस आपापल्या शेतावर, धंद्यावर, दुसऱ्या नोकरीवर. माझ्या आजोळी, कोकणात, ग्रामदेवतेच्या देवळात गुरवांच्या घरांची अशीच पाळी असते, ज्याची पाळी त्याने पहाटे दार उघडायचं, पाणी भरायचं, पूजा, नैवेद्य, आणि महिना संपला की भांड्यांची मोजदाद करून, समई सुद्धा मोजून, पुढच्या घराच्या ताब्यात द्यायची. उतरलेला नारळ-तांदूळ ज्याची पाळी त्याचा. त्यामुळे दोन घरांत भांडणंही ठरलेली. अबुसीरलाही नैवेद्य आधी राजाला आणि मग माणसांना, पाव, बिअर, मांस हे सगळं देवळातून परत वाटलं जायचं, आणि तोच पगार. म्हणून पुजारी व्हायला सगळे तयार, अगदी मोठे मोठे दरबारीसुद्धा आपल्या पदव्यांच्या यादीत अमक्या राजाच्या पिरॅमिडचा सेवेकरी असं आवर्जून लिहायचे.

माल यायचाही कसा फिरून फिरून! नेफेरिरकारेने सूर्यासाठी वेगळं देऊळ बांधलं होतं, माल आधी तिथे चढायचा, सूर्याला दाखवून झाला की तिथून होडीने पिरॅमिडच्या देवळात. राजवाड्यातून काही, राजाच्या नावाने लावून दिलेल्या गावांतून काही. रानेफेरेफच्या देवळाला तर स्वतःचा खाटीकखाना होता, बाहेरचे कोपरे गोल केलेली कच्च्या विटांची इमारत, आत मोकळ्या चौकात जनावरं बांधायला भोकं पाडलेले दगड, आणि कागदांत एका सणाची नोंद आहे की दहा दिवसांत १३० बैल. रोजचे तेरा. विशीत गेलेल्या, टेकाडाखाली पुरलेल्या राजासाठी! एवढं मांस राजाने एकट्याने खाल्लं नसणार हे सांगायला ऑडिटर नको. आजूबाजूच्या सगळ्या देवळांच्या, कोठ्यांच्या, वस्त्यांच्या चुली त्यावर पेटत असणार.

हे कळल्यावर मग नकाशा वेगळाच दिसायला लागतो. कोठ्या एवढ्या का, दारं एवढी का, प्रत्येक दाराला मातीचं सील लावायची आणि पाळी बदलताना ते तपासायची सोय का. लोक म्हणतात की पिरॅमिडमधल्या बोळांची रचना चोरांना फसवायला केली होती. असेल. पण रोजची चोरी तिथे होत नव्हती, ती कोठीत होत होती, आणि तिच्यावर उपाय म्हणजे तक्ता, सही, सील, आणि आपल्यानंतर येणारा माणूस आपल्या तुकडीचा नसणं.

अर्थात अशी संस्था चालली की तिच्या जमिनीवर, माणसांवर सरकारचा डोळा जातो. दहशूरला पेपी पहिला ह्याचा एक हुकूम मिळालाय, दगडावर कोरलेला, की स्नेफेरूच्या दोन पिरॅमिडांच्या वस्तीला कर माफ, वेठ माफ, तिथल्या माणसांना कुणी दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. स्नेफेरू जाऊन तोवर अडीचशे-तीनशे वर्षं झालेली. असा हुकूम दगडात कोरून लावायची वेळ कधी येते? जेव्हा माणसं उचलून नेणं सर्रास चालू असतं तेव्हा.

मेंकाउरेच्या खालच्या देवळात तर माणसांनी संसारच थाटला. गिझाच्या तीन मोठ्यांतला हा सगळ्यात लहान, ह्याचंही देऊळ मुलाने विटांनी उरकलेलं. जॉर्ज राइसनरने १९०८ ते १९१० मधे खणलं तेव्हा चौकात मातीची घरं, धान्याच्या कणग्या, भिंतींना भिंती चिकटवून वाढवलेल्या खोल्या निघाल्या. करमाफी मिळवायची तर पिरॅमिडच्या हद्दीत राहायला हवं, मग काय, चौकातच राहा. मधे एकदा पाण्याचा लोंढा येऊन देवळाचा काही भाग वाहून गेला, परत बांधलं, परत घरं. राजाचे पुतळे, जे आज बोस्टन आणि कैरोच्या म्युझियममधे काचेआड उभे आहेत आणि ज्यांच्यासमोर आपण आवाज खाली करून बोलतो, ते ह्या घरांच्या आसपास, पायाखाली. आणि तरीही सगळ्यात आतल्या खोलीत पूजा चालू होती, म्हणजे कागदोपत्री तरी. आधी ते वाचून मला वाईट वाटलं होतं, आता वाटत नाही. राजाने सोय केली होती ती जेवणाची, आणि जेवण जिथे आहे तिथे माणसं येणारच, कणगी घेऊन येणार, शेळ्या-मेंढ्या घेऊन येणार.

अबुसीरचं दफ्तर पेपी दुसरा ह्याच्या काळापर्यंत येतं आणि मग थांबतं. राजधानीतला पैसा आटला, प्रांतांचे सुभेदार आपापले मालक झाले, नैवेद्य पाठवणार कोण. साहुरेच्या देवळाचं मात्र नशीब वेगळं. पुढे कितीतरी शतकांनी, नवसाम्राज्याच्या काळात, त्याच्या दक्षिणेकडच्या बोळात सेखमेत देवीची पूजा सुरू झाली, सिंहिणीच्या तोंडाची, रोगराई आणणारी आणि बरी करणारीही. भिंतीवरच्या कुठल्याशा कोरलेल्या देवीवर लोकांची श्रद्धा बसली असावी असं म्हणतात. लोक यायचे, नवस बोलायचे, छोटे शिलालेख ठेवून जायचे, आणि तिला म्हणायचे ‘साहुरेची सेखमेत’, जसं देवीला गावाच्या नावाने ओळखतात तसं. कोण साहुरे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कुणास ठाऊक. पण ह्या येण्याजाण्यामुळे तो बोळ, त्याचं छप्पर, त्या भिंती काही शतकं तरी चुन्याच्या भट्टीपासून वाचल्या, आणि बोर्खार्टच्या हाती जे थोडंफार लागलं त्यातला मोठा वाटा तिथला.

२०२३ मधे परत बातमी आली, मोहम्मद इस्माइल खालेदच्या इजिप्शियन-जर्मन टीमने साहुरेच्या पिरॅमिडच्या आत, ढासळलेल्या भागाला टेकू देत देत, आठ खोल्या शोधल्या. तिथे एक मातीने बुजलेला बोळ आहे हे एकोणिसाव्या शतकात जॉन पेरिंगने लिहून ठेवलं होतं, त्याला त्यामागे खोल्या असाव्यात असंही वाटलं होतं, पण आत जाता आलं नव्हतं. पेपरात मथळे ‘पिरॅमिडमधे गुप्त खोल्या’ वगैरे. त्या बहुधा कोठ्याच आहेत असं टीमचं म्हणणं. पुढच्या देवळात दोन डझन होत्या, त्या पुरल्या नाहीत म्हणून की काय, आतही आठ.